कोर्टाच्या आधी पोरगाच अठरा वर्षांचा झाला

पहिलं घर घेतलं, दस्तावेज म्हणजे खरेदीखत होऊन गेलं, तरी लग्नाकार्यात कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, काय हो तुमच्या फ्लॅटला एवढा वेळ का लागला? आणि मी तोंड उघडायच्या आत समोरचाच म्हणतो, कायद्याच्या कटकटी, दुसरं काय. आधी मीपण मान डोलवायचो. आता नाही डोलवत, म्हणून एकदाच लिहून टाकतो, लांबलंय, चहा घेऊन बसा.

फेब्रुवारी 2022. बडोद्यात रावपुऱ्यात भाड्याने राहून वैतागलेले आम्ही दोघं आणि मांजलपूरकडचा एक जुना टू बीएचके. मालक काका 2011 मध्ये गेले, काकू एकट्या राहायच्या, मुलगा कॅनडाला, त्यांना आता पुण्याला लेकीकडे जायचं होतं. आपलंच मराठी घर, पोहे खाता खाता व्यवहार ठरला, 2 लाख देऊन बानाखत केलं, म्हणजे महाराष्ट्रात साठेखत म्हणतात ते, लोनपण 6.7 टक्क्यांनी सँक्शन झालं. मे महिन्यात राहायला जाऊ असं मी आईला सांगूनसुद्धा टाकलं.

मग वकिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली आणि पेढीनामा मागितला, म्हणजे काकांच्या मागे कोण कोण वारस आहेत त्याचा कागद. काकू म्हणाल्या, "अहो कशाला, सोसायटीत माझंच नाव आहे की." होतं ना, नॉमिनी म्हणून होतं. अकरा वर्षं त्या माउलीला कोणी सांगितलंच नव्हतं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांसाठी सांभाळणारा माणूस. काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या कमाईचा, त्यामुळे काकू, मुलगा आणि दोन मुली असे चार सारखे हिस्से. (इथे लोक लगेच म्हणतात लेकींना हक्क 2005 मध्ये मिळाला. तो वडिलोपार्जित इस्टेटीतला. बापाच्या स्वतःच्या कमाईत, मृत्युपत्र नसेल तर, 1956 च्या कायद्यापासूनच आहे, आपण लक्षात ठेवत नाही एवढंच.)

आणि दोन मुलींमधली धाकटी 2017 मध्ये गेली. हे काकूंनी सांगितलं ते इतक्या हळू आवाजात की पुढचं काही विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण वकिलांना विचारावंच लागतं. ती वडिलांच्या आधी गेली असती तर तिचा वाटा फक्त मुलांना, नंतर गेली म्हणून नवऱ्याला आणि मुलाला दोघांना. म्हणजे ग्वाल्हेरचे जावई आणि त्यांचा मुलगा, प्रत्येकी आठवा हिस्सा. मुलाचं वय 16 वर्षं आणि थोडे महिने. वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, "छोकरो नानो छे, कोर्टनी परवानगी वगर नहीं चाले."

दलाल म्हणाला, काही नाही हो, जावयांकडून इंडेम्निटी बॉण्ड, म्हणजे पुढे काही झालं तर नुकसान भरून देईन असा कागद, लिहून घेऊ, सगळे असंच करतात. मला खरंच मोह झाला होता, कबूल करतो. पण अल्पवयीन मुलाचा हिस्सा बापालासुद्धा जिल्हा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि विकला तर तो मुलगा अठराचा झाल्यावर तीन वर्षांच्या आत कोर्टात जाऊन तो व्यवहार मोडून घेऊ शकतो. वीस वर्षांचं लोन डोक्यावर घेऊन मी कशाच्या भरवशावर झोपणार होतो? बॉण्डच्या? बँकेच्या वकिलांनीपण नाहीच म्हणून सांगितलं.

जूनमध्ये अर्ज टाकला. माझ्या आजोबांच्या तोंडी कोर्ट म्हणजे सूरसागरजवळचं न्याय मंदिर, आता सगळं दिवाळीपुऱ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये. कोर्ट बघतं ते एकच, विकण्यात त्या मुलाचा फायदा काय, गरज काय. यात चूक काय आहे सांगा. कोणीतरी त्या पोराच्या बाजूने विचारलं पाहिजेच, कारण आम्ही बाकीचे सगळे आपापली घाई घेऊन उभे होतो. आणि तारखा वाढल्या त्यातल्या बऱ्याचशा आमच्याच बाजूने, एकदा जावयांना रजा नाही, एकदा व्हॅल्युएशन रिपोर्ट राहिला, एकदा पोराच्या जन्मदाखल्यावर आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. कॅनडावाल्याची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी मात्र दोन महिन्यांत शिक्क्यासकट आली, तिचं काही नाही.

तेवढ्यात रिझर्व्ह बँकेने मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून 6.5 वर नेला. माझं सँक्शन लेटर मधेच संपलं, नवीन झालं साडेआठाने, 32 लाखांवर हप्ता महिन्याला साडेतीन हजारांनी वाढला. वर 15 एप्रिल 2023 पासून जंत्री वाढली, म्हणजे जागेचा सरकारी दर, ज्याच्या खाली स्टॅम्प ड्युटी धरत नाहीत; ती 2011 पासून तशीच होती. आमचा सौदा नव्या जंत्रीच्याही वर होता म्हणून स्टॅम्प ड्युटीत फरक पडला नाही, नाहीतर तिथेही बसला असता फटका. काकूंना याच काळात दुसरं गिऱ्हाईक चार लाख जास्त देत होतं. बानाखताची मुदत आम्ही तीनदा वाढवली, तिन्ही वेळा त्यांनी एक शब्द न बोलता सही केली. हे मला कुठेतरी लिहायचंच होतं.

ऑगस्ट 2023 मध्ये काय झालं, तर कोर्टाची परवानगी यायच्या आधी पोरगाच अठरा वर्षांचा झाला. वकीलसाहेब हसत म्हणाले, आता अर्ज मागे घ्या, तो स्वतःच सही करेल. वर्षाच्या वर आम्ही कोर्टाकडे डोळे लावून बसलो आणि काम केलं कॅलेंडरने! बायकोने ग्वाल्हेरला केक पाठवला, ऑनलाइन.

तर माझं म्हणणं एवढंच की वर्ष-दीड वर्ष कायद्याने नाही खाल्लं. 2011 मध्ये काका गेल्यावर वारसाई करून घेतली असती तर चार सह्यांचं काम होतं, चौघं तेव्हा तेराव्याला एकाच घरात होती. पण त्या दिवसांत बहिणीपुढे कागद कोण ठेवणार, लोक काय म्हणतील. तोच संकोच अकरा वर्षांनी माझ्या हप्त्यात आला. भावाने कागद पुढे केला की बहिणीला वाटतं हा हिस्सा मारतोय, आणि नाही केला तर पुढे तिच्याच पोराला कोर्टात उभं राहावं लागतं.

सप्टेंबरमध्ये दस्तावेज झाला. घर बायकोच्या एकटीच्या नावावर, आमच्या गुजरातेत बाईच्या नावाने घेतलं की 1 टक्का नोंदणी फी माफ, स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के मात्र भरावीच लागते. मी फक्त हप्ते भरणारा. तो ग्वाल्हेरचा मुलगा वडिलांबरोबर आला होता, सही अजून बसलेली नव्हती त्याची, प्रत्येक पानावर वेगळी येत होती, सब-रजिस्ट्रारच्या टेबलावरचा माणूस वैतागला. नंतर घरी येऊन तो आईच्या खोलीत थोडा वेळ एकटा बसला, आम्ही बाहेर गॅलरीत थांबलो.

लाईट बिल अजून काकांच्याच नावाने येतं. नाव बदलायचा फॉर्म मी आणून ठेवलाय, फ्रिजवर आहे, बायको रोज दाखवते.