बेळगाव आणि कोल्हापूरच्या पोरांनी मिळून एक उपग्रह करावा

परवा खानापूरहून भाच्याचा फोन आला, बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे तो. म्हणाला, मामा, कोल्हापूरच्या एका कॉलेजबरोबर क्यूबसॅट, म्हणजे हातात मावेल एवढा छोटा उपग्रह, करायचं ठरलं होतं ते मोडलं, सर म्हणतात आपल्या विद्यापीठाच्या बाहेर कशाला जायचं आणि गावातली मोठी माणसं म्हणतात आधी सीमाप्रश्न सुटू दे. १९५६ पासून चाललंय हे, सुप्रीम कोर्टातला दावाच २००४ चा, पोरानं थांबायचं किती?

मी स्वित्झर्लंडात लोझानला असतो, काम छोट्या उपग्रहांच्या ॲटिट्यूड कंट्रोलचं. म्हणजे वर गेल्यावर उपग्रहाचं तोंड कुणीकडं आहे ते ओळखायचं आणि पाहिजे तिकडं वळवायचं. रॉकेटमधून सुटला की तो गरगरत असतो, धरायला तिथं काहीच नाही, मग पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रालाच धरायचं. मॅग्नेटोमीटरनं, म्हणजे चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या सेन्सरनं, ते क्षेत्र किती झपाट्यानं बदलतंय ते मोजायचं आणि उपग्रहातल्या तारेच्या कॉइलमधून करंट असा सोडायचा की फिरण्याला उलटा जोर लागेल. याला बी-डॉट म्हणतात. गणित सोपं आहे, घोळ होतो तो अधिक-उण्याचा, एक कॉइल उलटी जोडली की थांबायचं सोडून वेग वाढतो आणि वर जाऊन वायर बदलता येत नाही. म्हणून खाली जमिनीवर टेस्टिंग पाहिजे, भरपूर.

इथला विद्यार्थ्यांचा उपग्रह स्विसक्यूब २३ सप्टेंबर २००९ ला आपल्या पीएसएलव्ही रॉकेटवरूनच गेला, वजन एक किलोच्या आत. तो वर इतका जोरात फिरत राहिला की टीमला वर्षापेक्षा जास्त वाट बघावी लागली, त्यानं काढलेला पहिला फोटो मिळाला २०११ मध्ये. आणि तो केला कुणी, तर फ्रेंच भागातल्या आणि जर्मन भागातल्या संस्थांनी मिळून.

म्हणून इथं भाषेचं भांडण नाही असं कुणी समजू नका. बर्न कँटनमधल्या (कँटन म्हणजे इथलं राज्य) फ्रेंच बोलणाऱ्यांनी कित्येक वर्षं झगडून १९७९ साली वेगळा जुरा कँटन घेतला, बर्नमध्येच राहिलेल्या मुटिए गावानं २०२१ मध्ये मतदान करून बर्न सोडून जुरात जायचं ठरवलं. तिथं लोकांना विचारलं, आपल्याला कुणी विचारलंच नाही, आमची म्हातारी माणसं ज्याच्यासाठी लाठ्या खाऊन बसलीत ते हेच. तेव्हा मागणी सोडा असं मी त्यांना कधीच म्हणणार नाही, मराठीत सरकारी कागद मिळालाच पाहिजे. पण प्रोजेक्ट अडवून तो कागद मिळत नाही, नुकसान होतं ते आपल्याच पोरांचं, मराठी काय आणि कन्नड काय.

आणि आपल्याकडं काय कमी आहे? पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी स्वयम् उपग्रह २०१६ ला वर पाठवला, नुसतं चुंबक आणि हिस्टेरिसिस रॉडवर (गरगरणं हळूहळू शोषून घेणाऱ्या खास लोखंडी कांड्या) तोंड स्थिर ठेवायचा प्रयोग होता तो. टेस्टिंगला हेल्महोल्ट्झ केज लागतो, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीवर तांब्याच्या तारेच्या कॉइलच्या तीन जोड्या गुंडाळायच्या आणि आत कक्षेतल्यासारखं क्षेत्र तयार करायचं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चौकट करून मिळेल, वाइंडिंग करणारे गावातच आहेत. केज बेळगावात ठेवा, सॉफ्टवेअर कोल्हापूरनं लिहावं, टेस्टला बेळगावात यावं.

भाच्याला म्हणलं, दोन्ही प्राचार्यांना पत्र दे, मराठी आणि कन्नड दोन्हीत. केजसाठी तार किती गेजची (जाडीची) आणि वेढे किती ते त्यानं काल विचारलंय, आज रात्री हिशोब करून पाठवतोय.