जातं बघून आईला ओवी आठवेना

रविवारी घरच्यांना कुठेतरी न्यावं लागतं. मॉलला नेलं तर माझा खिसा जातो, सिंहगडावर नेलं तर आईचे गुडघे जातात, म्हणून मी बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय काढलं. त्यात छुपा हेतूपण होता. मला अलीकडे जुन्या वस्तूंचं वेड लागलंय, म्हणजे ग्रुपवर कुणी पितळी डब्याचा फोटो टाकला की मी 'काय दिवस होते ते' लिहून मोकळा होतो. तर म्हटलं आईला हे सगळं दाखवू, तिचे डोळे भरून येतील, मी तिच्या खांद्यावर हात ठेवीन, बायको पटकन फोटो काढेल.

रिक्षात मी अभ्यास करून आल्यासारखं (आलोच होतो) सांगायला लागलो की हे दिनकर गंगाधर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' नावाने लिहिणारे कवी, १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला लागले ते आयुष्यभर थांबलेच नाहीत, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव या संग्रहाला दिलं आणि १९७५ ला सगळा सरकारच्या हवाली केला, २०,००० च्या वर वस्तू! मुलगी म्हणाली, "एवढा पसारा घरात? त्यांना कुणी ओरडायचं नाही?" यावर बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते संग्रहालयातच ठेवण्यासारखं होतं.

आत सुरुवात छान झाली. अडकित्ते बघून आई खूश. सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण कारागिराने त्याचा कुठे घोडा केलाय कुठे राघू. पाय घासायच्या वज्रीसुद्धा तशाच नटव्या. मी म्हटलं, बघ आई, तेव्हा टाच घासायच्या वस्तूवरपण माणसं किती जीव लावायची. आई म्हणाली, "हो, ज्यांना टाच घासायला वेळ होता ती."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढे स्वयंपाकघराची भांडी लागली. जात्यापाशी मी मुद्दाम थांबलो, आवाज जरा हळवा केला आणि म्हटलं, "पहाटेची घरघर, ओव्या, काय वातावरण असेल ना गं?" आई म्हणाली, "तुला जातं बघून ओवी आठवते, मला खांदा आठवतो. चार वाजता उठून पायलीभर दळायचं, मग कसली ओवी, सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात जे यायचं ते म्हणायचो." मुलीने पायली म्हणजे काय विचारलं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, हे आईने एका दमात सांगितलं. मी मध्येच, ते पायलीचे पन्नास म्हणतात ना, ती ही पायली, असं म्हटलं तर मुलगी म्हणाली, "आजीला बोलू दे ना."

मग मी नुसताच मागून चालत होतो. पितळी पातेली आली की आई कल्हई सांगायची. तो कल्हईवाला दारात खड्डा करून भाता मारायचा, भांडं लालबुंद तापलं की नवसागर टाकून कथील फिरवायचा, भक्कन पांढरा धूर, आणि काळं भांडं आतून चांदीसारखं. मुलगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. "आणि कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकायचं, मग बोलणी कुणी खायची? भांड्याने?"

तेवढ्यात मला बंब आठवला. आमच्या गावच्या घरातला तांब्याचा बंब, मधल्या नळकांड्यात चिपाडं पेटवायची, भोवती पाणी, आणि एक बादली गरम काढली की एक बादली गार ओतायची, नाहीतर रिकामा तापून डाख सुटायचा. मी घसा खाकरून विचारलं, "आई, तो आपला बंब बाबांनी भंगारात का गं दिला?"

"बाबांनी नाही, मी दिला."

"तू?"

"बंब, घंगाळ, दोन हंडे. मोडीत घातले आणि स्टीलचा सेट आणला. त्या दिवशी मी दुपारी झोपले, लग्नानंतर पहिल्यांदा." मग जरा थांबून, "दर आठवड्याला चिंच आणि राख लावून कोण घासत होतं रे? तू तर त्यात आंघोळ करून पळायचास."

कोथरूडहून आणून इथे उभा केलेला मस्तानी महाल आम्ही बघितला तो मी नीट बघितलाच नाही. कारण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. गेल्याच महिन्यात मी एका अँटिकवाल्याकडून पितळी घंगाळ घेतलंय, हॉलमध्ये मनी प्लांट लावायला, आणि ते सध्या ऑफिसातल्या कपाटात लपवून ठेवलंय, आईच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून.

परत येताना रिक्षात मी ते कबूल करून टाकलं. आई काही बोलली नाही. सोमवारी घंगाळ घरी आलं. तेव्हा तिने ते उलटं करून बुडाला बोट लावून बघितलं, आत गेली, चिंचेची वाटी आणून माझ्यासमोर ठेवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

अर्धा तास झाला होता. "कडेला राहिलंय," आई म्हणाली. "अजून."