गरिबी पाहून कसली कृतज्ञता?
आपल्या चर्चमंडळीच्या तरुणांनी आफ्रिकेतल्या मलावीला केलेल्या मिशन-सफरीचा लेख वाचला. छान लिहिलंय, पण 'त्यांची गरिबी पाहून देवाचे आभार मानले' हे खटकलं. दुसऱ्याच्या अडचणीवर आपली कृतज्ञता कशाला उभी करायची? तिथल्या ब्लँटायर शहराला गेलात, तर सेंट मायकेल चर्चबद्दल लिहायचं की! १८८८ ते १८९१ मध्ये स्कॉटिश मिशनरी डेव्हिड क्लेमंट स्कॉट यांनी वास्तुकलेचं शिक्षण नसताना ते बांधलं. विटा रचणारे हात मात्र तिथल्याच माणसांचे. घुमट, कमानी, सगळं! मग विश्वास कुणाकडून शिकायचा? आणि तिथे चर्चमध्ये अर्पणाच्या, म्हणजे दान देण्याच्या वेळी लोक गात-नाचत पुढे येतात, हे एका ओळीत उरकलंत. आमच्याकडे नगरला तेव्हा सगळे पाकिटात सुटे शोधत असतात.