आरडी-१८० नुसतं स्वस्त म्हणून घेतलं नव्हतं

अमेरिकेनं आपल्या अ‍ॅटलास-५ रॉकेटसाठी आरडी-१८० ही रशियन इंजिनं घेतली कारण ती स्वस्त पडली, असं सर्रास लिहिलं जातं. किंमत हे एक कारण होतंच, पण खरी गोम धातूत आहे.

रॉकेटचे पंप फिरवायला टर्बाइन लागतं आणि टर्बाइनला गरम वायू. अपोलोच्या एफ-१ इंजिनात हा वायू केरोसिन जास्त ठेवून तयार करत. काजळी भरपूर, आणि मुख्य कक्षातल्या ज्वलनात त्याचा वाटा शून्य. कक्षातला दाब ७० बारच्या आसपास (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). आरडी-१८० मध्ये सगळं उलट. सगळा ऑक्सिजन आधी छोट्या कक्षात जातो, तिथं चिमूटभर केरोसिन जळतं, आणि तो तापलेला ऑक्सिजन टर्बाइन फिरवून थेट मुख्य कक्षात शिरतो. वाया काही जात नाही. दाब २६० बारच्या घरात!

पण इतक्या दाबाचा गरम ऑक्सिजन पोलादच पेटवतो. एखादा धातूचा कण घासला तरी पुरे. सोव्हिएत अभियंत्यांनी त्यासाठी खास मिश्रधातू आणि लेप तयार केले. ही विद्या अमेरिकेकडे नव्हती.

२८ ऑक्टोबर २०१४ ला अमेरिकेतल्या वॉलप्स प्रक्षेपण केंद्राहून उडालेलं अँटारेस रॉकेट १५ सेकंदांत कोसळलं, ते ऑक्सिजन पंपातच घर्षण होऊन आग लागल्यामुळे. ते इंजिन मात्र एनके-३३, सोव्हिएत चंद्र-रॉकेटसाठी बनवलेलं आणि दशकानुदशकं गोदामात पडून राहिलेलं. ते आणि रशियातल्या खिम्कीच्या कारखान्यातून तेव्हा ताजं येणारं आरडी-१८० एकाच तागडीत तोलू नका. अ‍ॅटलास-५ च्या मार्च २०१६ च्या उड्डाणात मिश्रणाचं प्रमाण राखणारी झडप बिघडली, केरोसिन कमी पडलं, इंजिन ६ सेकंद आधी बंद झालं. तरी वरच्या सेंटॉर टप्प्यानं जास्त वेळ जळून माल कक्षेत पोचवला.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. हे इंजिन अमेरिकेत बनवायचा परवाना हातात होता. तो कागदावरच राहिला, आणि २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया घेतल्यानंतर धावपळ सुरू झाली. १२२ इंजिनं आली, शेवटची २०२१ मध्ये. त्यांची जागा घेणारं अमेरिकन इंजिन बीई-४ उडालं जानेवारी २०२४ मध्ये. मिथेनवर चालतं, पण त्यातही टर्बाइन फिरवतो तो तापलेला ऑक्सिजनच.

इस्रोचं सेमी-क्रायोजेनिक (द्रव ऑक्सिजन आणि केरोसिनवर चालणारं) इंजिन याच पद्धतीचं आहे. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला त्याच्या पंप-टर्बाइन भागाची पहिली यशस्वी ज्वलनचाचणी झाली, अडीच सेकंदांची. त्या अडीच सेकंदांत टर्बाइन पेटलं नाही, ही मोठी बातमी होती.