लांज्यात ऊन, देवरुखला पाऊस: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मंगळवार ते शुक्रवार रत्नागिरी जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस होईल, असं मी साप्ताहिक अंदाजात लिहिलं. त्यावर विसंबून तुम्ही हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी लांबवली, सांगून ठेवलेली माणसं परत पाठवली. आणि लांज्याजवळच्या तुमच्या वाडीत बुधवारी पहाटेची एक सर सोडली तर चारही दिवस कडक ऊन. तिकडे देवरुखला मात्र शेतात पाणी साचलं. ‘शक्यता म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, असला अंदाज काय कामाचा?’ असं तुम्ही विचारलंय. पिकलेलं भात समोर उभं असताना माणसं परत पाठवावी लागणं किती जिवावर येतं ते मी जाणतो, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन सोडत नाही.

जुलैचा पाऊस आणि हा पाऊस, दोघांची जात वेगळी. जुलैत अरबी समुद्रावरून पश्चिमेचा जोरदार वारा येतो, सह्याद्रीला अडतो आणि वर चढताना पाणी टाकतो. त्यात किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा असला आणि बंगालच्या उपसागरातलं एखादं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशावरून आत सरकत असलं, की वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत झोडपून निघतं. शेकडो किलोमीटर पसरलेली ही घडामोड हवामानाचा हिशेब करणाऱ्या संगणकावरच्या मॉडेलना चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी दिसते.

ऑक्टोबरात तो वारा पडतो. जमीन अजून ओली, हवा दमट आणि वर रणरणतं ऊन. अकरा-बारापर्यंत आभाळ स्वच्छ असतं. मग तुमच्या पूर्वेला विशाळगडाच्या, आंबा घाटाच्या माथ्यावर पांढरे ढग उभे राहायला लागतात. तीनच्या सुमारास त्यांचा माथा सपाट पसरतो, बूड काळं पडतं, आणि वरचा वारा पूर्वेचा असला तर ते घाट उतरून खाली येतात. असा एक ढग पाच-दहा किलोमीटर रुंद असतो आणि साधारण तासाभरात रिकामा होतो. हवामान खात्याचं जागतिक मॉडेल बरीच वर्षं नकाशाच्या १२-१२ किलोमीटरच्या चौकटी पाडून हिशेब करत होतं. मे २०२५मध्ये आलेल्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ या नव्या मॉडेलची चौकट ६ किलोमीटरची आहे. म्हणजे ढग आणि चौकट जवळपास एकाच मापाची. असा ढग मंगळवारी देवरुखवर उठेल की लांज्यावर, हे रविवारी सांगणारा माणूस आणि यंत्र दोन्ही आज नाहीत. त्या दिवशीची हवा असे ढग उठवायला तयार आहे का, एवढं मात्र सांगता येतं, आणि मी तेच लिहिलं होतं.

‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द कोणी सहज वापरत नाही. एखाद्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. म्हणजे चारातली तीन ठिकाणं कोरडी राहणार हे त्या शब्दातच येतं. तुमची वाडी बहुतेक वेळ त्या तिनांत होती.

तुमच्या बुधवारच्या पहाटेच्या सरीचंही सांगतो. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. बुधवारी पहाटे पडलेली सर ही मंगळवारच्या अंदाजातली. ‘मंगळवारी सांगितला आणि आला नाही’ असं तुम्ही लिहिलंत. तो आला, फक्त तुम्ही झोपेत असताना.

जवळजवळच्या दोन गावांत इतका फरक कसा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३च्या आसपास. भर पावसाळ्यात, मोठी यंत्रणा डोक्यावर असताना एका शहरात असं होतं, तर ऑक्टोबरातल्या सुट्या ढगांकडून सारखेपणाची अपेक्षा कशी करायची?

ग्रामपंचायतनिहाय अंदाज बघा, असंही कोणीतरी तुम्हाला सुचवलंय. ऑक्टोबर २०२४पासून तो मिळतो आणि तापमान, वारा, आर्द्रता यांसाठी जरूर बघावा. पण गावाचं नाव आलं म्हणून मॉडेलला गाव दिसायला लागलं असं होत नाही. गडगडाटी पावसाच्या बाबतीत शेजारच्या दोन ग्रामपंचायतींच्या आकड्यांतला फरक मी तरी हिशेबात धरणार नाही.

मग सात दिवसांचं लिहायचंच कशाला, तीन दिवसांवर थांबा, असं तुमचं म्हणणं. इथे मी ठाम विरोधात आहे. ऑक्टोबर २०१९ आठवा. ‘क्यार’ चक्रीवादळ कोकणात कुठेच धडकलं नाही, ते ओमानच्या दिशेला वळलं. तरी ऐन दिवाळीत त्याच्या पावसानं कापून पसरलेलं भात शेतातच भिजलं, लोंब्यांना मोड आले. असं काही समुद्रात जमतंय का, याची चाहूल आठवडाभर आधीच्या अंदाजातच लागू शकते, आणि ती लागली की एका दमात पाच गुंठे कापायचे की दोन, हे ठरवता येतं. सातव्या दिवसाची खात्री पहिल्या दिवसाइतकी नसते, पण म्हणून तो दिवस कोराच ठेवणं मला पटत नाही.

आणि विजा. उघड्या शेतात विळा घेऊन वाकलेल्या बायकामाणसांसाठी पावसापेक्षा वीज वाईट. पाऊस तुमच्या वाडीत पडला नाही तरी पलीकडच्या डोंगरावरच्या ढगातली वीज अलीकडे पडू शकते. त्यासाठी ‘विजांसह’ हा शब्द मी चार दिवस सलग लिहीन, तीन दिवस ऊन पडलं तरी लिहीन. फोनवर विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप घेऊन ठेवा. २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज होत असेल तर ते कळवतं.

आता तुमचं राहिलेलं भात. माझ्या मते चारही दिवस कापणी थांबवायची गरज नव्हती. असा अंदाज असेल तेव्हा दव सुकलं की कापायला घ्या, आणि दुपारी दोनपर्यंत जेवढे भारे बांधून पडवीत किंवा मांगरात आणता येतील तेवढंच कापा. शेतात रात्रभर पसरून ठेवू नका. बारानंतर एकाला पूर्वेकडे लक्ष ठेवायला सांगा. घाटावर ढगाचं बूड काळं दिसलं की कापणी तिथेच थांबवून आधी भारे उचला. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रडारची चित्रं दिसतात, त्यात ढग कुठून कुठे सरकतोय ते तासभर आधी समजतं. तीन तासांपुरता तातडीचा इशाराही खातं देतं. कापायचं किती ते आठवड्याच्या अंदाजावर ठरवा, उचलायचं कधी ते या दोन गोष्टींवर.

गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात अजून उभं असेल तर त्याची घाई करू नका. पुढचा अंदाज रविवारी संध्याकाळी टाकतो. त्यात प्रत्येक दिवसापुढे दुपारी दोनच्या आधीचं आणि नंतरचं वेगळं लिहीन. तुमच्याकडे सर आली तर किती वाजता आणि कुठल्या दिशेनं आली, तेवढं खाली कळवा.