लांबच्या घरी फोनच्या तारेवरून फास्ट नेट: फॉरवर्डमधलं खरं किती?

सध्या एक मेसेज फिरतोय की नवा मॉडेम लावला की एक्सचेंज कितीही लांब असू दे, जुन्या फोनलाइनवर १०० एमबीपीएस मिळतो. नाही मिळत हो! अडचण मॉडेमची नाहीच, तांब्याच्या तारेची आहे, कारण फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका सिग्नल वाटेतच लवकर विरतो, आणि स्पीड तर त्या वरच्या फ्रिक्वेन्सीतूनच येतो. फोनच्या तारेवरून नेट देण्याच्या तंत्राला डीएसएल म्हणतात; त्यातल्या एडीएसएल२+ या प्रकाराचे २४ एमबीपीएस एक्सचेंजजवळच, ५ किमीवर थोडेसेच उरतात. व्हीडीएसएल२ या त्याहून वेगवान प्रकाराचे १०० तर काहीशे मीटरच्या आतले. आणि अंतर मोजायचं ते तारेचं, नकाशावरचं सरळ नाही, तार कुठून कुठून फिरून येते देव जाणे.

पण 'लांब आहे म्हणजे नेट येणारच नाही' हेही चूक. जुन्या लांब लाइनींवर आवाज स्पष्ट यावा म्हणून लोडिंग कॉइल (तारेची वेटोळी) बसवलेले असायचे, तेच डीएसएल अडवतात, ते काढले की बऱ्याचदा लाइन चालू होते. खरा उपाय म्हणजे फायबर वस्तीजवळच्या कॅबिनेटपर्यंत (रस्त्याकडेच्या फोनच्या पेटीपर्यंत) आणून डीएसलॅम, म्हणजे फोनलाइनवर नेट सोडणारं कंपनीचं यंत्र, तिथेच बसवायचा, मग तांबं शेवटच्या तुकड्यापुरतंच राहतं. हे काम कंपनीचं, तुमच्या मॉडेमचं नाही.