फॉरेक्स शिका म्हणतात, पण समोर कोण बसलंय ते कोणी सांगत नाही

आमच्या नागपुरात धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत सध्या 'फॉरेक्स शिका, घरबसल्या डॉलर कमवा'ची हवा आहे. माझी अख्खी नोकरी बँकेच्या फॉरेक्स डेस्कवर, म्हणजे परकीय चलनाच्या खरेदी-विक्रीत झाली, म्हणून ओळखीतली पोरं हमखास विचारतात, "काका, हे खरं असते काय?"

बाजार खराच आहे बाप्पा, आणि अवाढव्य आहे. बीआयएसच्या (मध्यवर्ती बँकांची आंतरराष्ट्रीय बँक) एप्रिल 2022 च्या पाहणीत जगभरची रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर निघाली, आणि त्यातल्या 88 टक्के सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. याला दलाल स्ट्रीटसारखी एक इमारत नाही. बँका आपसातच सौदे करतात. सोमवारी वेलिंग्टन-सिडनीला सुरू झालेलं हे चक्र शुक्रवारी न्यूयॉर्क बंद होईपर्यंत चालतं. आपल्याकडच्या संध्याकाळी लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही उघडी असतात, तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त.

चलन एकटं कधी विकत घेता येत नाही. युरो घेतला म्हणजे त्याच क्षणी डॉलर विकला, म्हणून भाव जोडीचाच असतो. युरो-डॉलर 1.1000 म्हणजे एका युरोला 1.10 डॉलर. त्यातही भाव दोन, घ्यायचा वेगळा आणि विकायचा वेगळा. मधला फरक तो स्प्रेड, समोरच्याची कमाई. मुलाची फी परदेशात पाठवताना बँक जो दर लावते तो टीव्हीवर दिसणाऱ्या दरापेक्षा चढा असतो, तो याचमुळे. चौथा दशांश आकडा एकाने हलला की एक पिप. (येनच्या जोड्यांत दुसरा.)

इथपर्यंत सगळे क्लासवाले नीट शिकवतात. पुढचं मात्र गुळमुळीत होतं.

एक स्टँडर्ड लॉट म्हणजे 1,00,000 युरो. एक पिप हलला की 10 डॉलर इकडचे तिकडे. एवढे पैसे कोणाकडे असतात? म्हणून लिव्हरेज, म्हणजे थोडे पैसे भरून ब्रोकरच्या जोरावर मोठा सौदा. 1:500 लिव्हरेज असेल तर 1.10 च्या भावाला फक्त 220 डॉलर मार्जिनमध्ये (म्हणजे अनामत रकमेत) लॉट उघडतो. पोराने 500 डॉलर भरले, एक लॉट घेतला. आता 50 पिप उलटे गेले की 500 डॉलर साफ, आणि प्रत्यक्षात मार्जिन संपत आलं की सॉफ्टवेअर त्याच्या आधीच सौदा कापतं. 50 पिप म्हणजे किती? अर्धा टक्काही नाही. युरो एवढा हलायला युद्ध लागत नाही, अमेरिकेतली महागाईची आकडेवारी आली तरी पुरे. पोराचा अंदाज संध्याकाळी बरोबर ठरतोही, पण खातं दुपारीच रिकामं झालेलं असतं. युरोपच्या नियामकाने 2018 मध्ये मुख्य जोड्यांवर सामान्य ग्राहकाला 1:30 ची मर्यादा घातली, तेव्हा अशा सीएफडीच्या (चलन हातात न घेता नुसत्या भावातल्या फरकावरच्या) सौद्यांत 74 ते 89 टक्के किरकोळ खाती तोट्यात असल्याचं सांगितलं होतं. आमच्याकडे 1:500 ही जाहिरात असते!

आणि तुमचा सौदा लंडनच्या बँकेकडे जातो असं समजू नका. यातले बरेच ब्रोकर स्वतःच समोरची बाजू घेतात. तुमचा तोटा हाच त्यांचा नफा. ज्याने खातं उघडायची लिंक दिली त्याला तुमच्या प्रत्येक सौद्यावर कमिशन, मग तुम्ही जिंका की हरा.

कायद्याचंही ऐका. फेमा 1999, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परदेशी ब्रोकरकडे असं मार्जिन पाठवता येत नाही. परदेशात पैसे पाठवायची 2,50,000 डॉलरची जी वार्षिक सवलत आहे, ती यासाठी नाही. म्हणून तर पैसे कुणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर मागतात, नाहीतर यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं क्रिप्टो नाणं) घ्यायला लावतात. तो पैसा एखाद्या सायबर तक्रारीत सापडला की तुमचंच बचत खातं गोठतं, आणि पगाराच्या दिवशी माणूस शाखेत हात जोडून उभा राहतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 पासून अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी वेबसाइटवर ठेवली आहे. यादीत नाव नाही म्हणजे तो अधिकृत, असं मात्र नव्हे.

देशात कायदेशीर जागा आहे. एनएसईवर ऑगस्ट 2008 पासून डॉलर-रुपयाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे, आजच दर ठरवलेले सौदे) चालतात, लॉट 1,000 डॉलरचा, हिशेब रुपयात. पण मे 2024 पासून तिथेही तुमची चलनाची खरी जोखीम, म्हणजे डॉलरचं खरंखुरं देणं-घेणं, असायला हवी. नुसता सट्टा नको. दलाल मंडळी तेव्हा फार चिडली होती. मला विचाराल तर ठीकच झालं.

कारण हा बाजार ज्याच्या कामाचा आहे तो माणूस वेगळाच. हिंगण्याच्या कारखानदाराला तीन महिन्यांनी डॉलर मिळणार असतात. तो आजच बँकेत फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा सौदा) बुक करून दर पक्का करतो आणि निवांत झोपतो. तीन महिन्यांनंतरचा डॉलर बहुधा थोडा महाग लागतो. गिऱ्हाइकाला वाटतं, बँकेला कळलंय की रुपया पडणार. तसं काही नसतं. आपले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त, तो फरक दरात येतो, एवढंच.

ज्याला खरंच गोडी आहे त्याने एनआयएसएमची (सेबीची प्रशिक्षण संस्था) करन्सी डेरिव्हेटिव्हजची, म्हणजे अशाच चलन-सौद्यांची परीक्षा द्यावी, बँकेच्या ट्रेझरीत (बँकेचे स्वतःचे सौदे करणाऱ्या विभागात) नोकरी बघावी. तिथे पिप बँकेचे असतात आणि पगार आपला.